उकड जमणाऱ्यांसाठी व्हिएतनामी बाञ

व्हिएतनामी माणूस सायकलच्या चाकाला ‘बाञ से’ म्हणतो आणि साबणाच्या वडीला ‘बाञ सा फाँग’. सकाळी घाईत खातो तो भरलेला पाव म्हणजे ‘बाञ मी’. ‘फो’ या सुपाच्या वाडग्यातून ओरपतो त्या तांदळाच्या चपट्या पट्ट्या म्हणजे ‘बाञ फो’. नव्या वर्षाला पूर्वजांच्या तसबिरीपुढे ठेवतो तो पानात बांधून रात्रभर शिजवलेला भात म्हणजे ‘बाञ चुंग’. आणि मुलाच्या वाढदिवसाला मेणबत्त्या लावून कापतो तोही बाञच.

इंग्रजीत यातल्या बहुतेकांना सरसकट केक म्हटलं गेलं आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला. ‘व्हिएतनामचे पारंपरिक केक’ असं वाचलं की डोळ्यांपुढे मैदा, लोणी, अंडी आणि भट्टी उभी राहते. या पदार्थांत त्यातलं जवळजवळ काहीच नसतं. घावन, मोदक, आंबोळी, सांदण, फेण्या आणि शेवया यांना कुणी एका दमात ‘महाराष्ट्राचे केक’ म्हटलं तर आपल्याला जे वाटेल, तेच इथे झालं आहे.

मराठीत त्यातल्या त्यात जवळचा शब्द शोधायचा तर मला ‘वडी’ सुचतो. कोथिंबिरीची वडी तिखट, नारळाची गोड, आणि साबणाचीही वडीच. हा शब्द चवीबद्दल काही सांगत नाही. मळून, थापून, ओतून किंवा दाबून एकजीव केलेली, हातात धरता येईल अशी वस्तू, एवढंच तो सांगतो. बाञचंही तसंच आहे. शब्द मूळचा चिनी, फार जुन्या काळी व्हिएतनामीत आलेला. आजच्या चिनीत त्याचा भाऊ ‘बिंग’ आहे. उच्चारातलं शेवटचं अक्षर म्हणजे आपला ञ, जो मराठीत एरवी फारसा वापरला जात नाही. दक्षिणेतले, सायगावकडचे लोक मात्र ‘बान’च्या जवळचा उच्चार करतात. स्वर उत्तरेत आणि दक्षिणेत दोन्हीकडे, प्रश्न विचारल्यासारखा, वर चढत जातो.

प्रकार शेकड्यांनी आहेत आणि त्यांची यादी पाठ करण्यात अर्थ नाही. बाञ समजून घ्यायचं असेल तर आधी पीठ कोणतं ते बघा, मग त्याला उष्णता कशी दिली ते बघा. या दोन गोष्टी कळल्या की अनोळखी बाञही ओळखीचं वाटू लागतं. आणि ज्यांच्या घरात मोदकाची उकड काढली जाते, त्यांना हे समजणं युरोपातल्या बेकरापेक्षा सोपं जाईल, असं मला मनापासून वाटतं.

नाव वाचायची रीत

बाञ हा पहिला शब्द, दुसरा शब्द त्याची ओळख. ही ओळख कधी पिठाची असते: ‘मी’ म्हणजे गहू, म्हणून बाञ मी. कधी कृतीची: ‘कुओन’ म्हणजे गुंडाळणं, म्हणून वाफवलेल्या पडद्याची गुंडाळी ती बाञ कुओन. कधी आवाजाची: गरम कढईत पातळ पीठ पडताच जो चर्र आवाज होतो तो व्हिएतनामी कानाला ‘सेओ’ ऐकू येतो, म्हणून बाञ सेओ. कधी दिसण्याची: ‘बेओ’ म्हणजे तळ्यावर तरंगणारी पाणवनस्पती, आणि त्या पानांसारख्या इवल्या गोल चकत्या म्हणजे बाञ बेओ. ‘या लन’ म्हणजे डुकराची कातडी. बाञ या लन हे नाव ऐकून दचकू नका. तो नारळाच्या दुधाचा, हिरव्या-पिवळ्या थरांचा गोड पदार्थ आहे. थर कातडी आणि चरबीसारखे एकावर एक दिसतात म्हणून हे नाव पडलं.

तीन पिठं

व्हिएतनामी स्वयंपाकघरात तीन पिठांचं राज्य आहे. साध्या तांदळाचं ‘बोत गाओ’, चिकट तांदळाचं ‘बोत नेप’, आणि कसाव्याच्या कंदाचं सत्त्व, म्हणजे टॅपिओका. आपला बाजारातला साबुदाणा याच कंदाच्या पिठापासून बनतो, त्यामुळे शिजल्यावर त्याचं काय होतं हे आपल्याला माहीत आहे: पारदर्शक आणि लवचिक.

साधा आणि चिकट तांदूळ यांतला फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण अर्धं गणित त्यात आहे. तांदळातल्या पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, दोन घटक असतात. अमायलोज म्हणजे जवळपास सरळ, लांब साखळ्या. अमायलोपेक्टिन म्हणजे झाडासारखी फांद्याफांद्यांची रचना. शिजवताना दोन्ही पाणी पिऊन फुगतात. निवताना मात्र वागणं बदलतं. सरळ साखळ्या पटकन एकमेकींना लागून रांगेत बसतात आणि पदार्थ घट्ट होतो. सकाळची तांदळाची भाकरी संध्याकाळी कडक लागते, रात्रीचा भात सकाळी मोकळा आणि टणक होतो, तो याच कारणानं. फांद्यांच्या रचनेला असं रांगेत बसणं सहज जमत नाही, म्हणून ती बराच वेळ मऊ आणि चिवट राहते. चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतंच. इंग्रजीत या तांदळाला ‘ग्लूटिनस राइस’ म्हणतात, त्यावरून त्यात ग्लूटेन असेल असं वाटतं, पण ग्लूटेनचा त्याच्याशी काही संबंध नाही. आसामात हाच तांदूळ ‘बोरा साऊल’ म्हणून ओळखला जातो आणि तिथल्या पिठ्यांमध्ये वापरला जातो.

आता पाहा. जे बाञ तव्यावरून किंवा वाफेवरून उतरवून लगेच खायचं असतं, ते बहुतेक साध्या तांदळाचं. जे सणासाठी करून चार दिवस ठेवायचं, नातेवाइकांकडे न्यायचं, पूर्वजांपुढे मांडायचं, ते बहुतेक चिकट तांदळाचं. अपवाद आहेतच, पण बाञ कशाचं आहे हे कळलं की ते किती वेळात खायचं याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. टॅपिओका तिसरा भिडू: त्यानं चकाकी आणि ताण येतो. नुसत्या तांदळाचं पीठ वाफवलं तर पांढरं, अपारदर्शक, सहज तुटणारं काहीतरी मिळतं. त्यात थोडा टॅपिओका घातला की तेच लवचिक होतं. वरच्या बाञ या लनमध्ये हे मिश्रण असतं. त्याचा एक थर वाफेवर पुरता बसल्यावरच दुसरा ओततात. घाई केली तर थर एकमेकांत मिसळतात, आणि पहिला फार वाफवला तर पुढचा त्याला चिकटत नाही. खाताना मुलं एकेक थर सोलून खातात.

उकड, पडदा आणि पान

गव्हाच्या कणकेत ग्लूटेनचं जाळं असतं, म्हणून थंड पाण्यातही ती ताणली जाते. तांदळाच्या पिठात ते जाळं नाही. थंड पाण्यात मळलेलं तांदळाचं पीठ पारी करायला घेतलं की तडकतं. आपण काय करतो? उकळत्या पाण्यात पीठ घालून वाफ आणतो. पिठातला काही स्टार्च तिथेच शिजून खळीसारखा होतो आणि उरलेल्या पिठाला धरून ठेवतो. मोदकाची कळी याच खळीच्या जोरावर उभी राहते.

बाञ बोत लोक बनवणारी ह्वे शहरातली बाई नेमकं हेच करते, फक्त टॅपिओकावर. उकळतं पाणी, भराभर मळणं, छोटी पारी, आत कोळंबी आणि डुकराचं मांस, केळीच्या पानात बांधून वाफ. शिजल्यावर पारी काचेसारखी होते आणि आतली गुलाबी कोळंबी बाहेरून दिसते. ज्यांनी एकदा तरी उकड हाताला चटके बसत असताना मळली आहे, त्यांना ही कृती वाचून नाही, हातानं समजेल.

चिकट तांदळाच्या पिठाचे लाडवासारखे गोळे म्हणजे बाञ त्रोय. तांदूळ भिजवून ओलाच दळायचा, ते पीठ फडक्यात बांधून पाणी निथळू द्यायचं, त्या गोळ्यात उसाच्या तपकिरी साखरेचा छोटा चौकोनी खडा भरायचा आणि उकळत्या पाण्यात सोडायचं. ‘त्रोय’ म्हणजे तरंगणं. गोळा वर आला की झाला. वरून भाजलेले तीळ. चांद्र पंचांगाच्या तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी, थंड अन्नाच्या सणाला, उत्तर व्हिएतनाममध्ये हे घरोघरी होतं. जोडीला मुगाच्या पुरणाचं, पातळ गोड रसात बुडालेलं बाञ चाय.

उकड ही एक वाट झाली. दुसरी वाट पडद्याची, आणि मला तीच सगळ्यांत देखणी वाटते. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत असतं, त्याच्या तोंडावर कापड डफासारखं ताणून बांधलेलं असतं. साध्या तांदळाचं ताकासारखं पातळ पीठ पळीनं कापडावर पसरायचं, झाकण ठेवायचं, आणि काही क्षणांत बांबूच्या चपट्या काठीनं तो ओला, थरथरणारा पडदा अलगद उचलायचा. आता हा एक पडदा किती नावांनी जन्म घेतो पाहा. आत खिमा आणि काळी अळंबी घालून गुंडाळला तर बाञ कुओन. तसाच ओला, न भरता खाल्ला तर बाञ उओत, म्हणजे ‘ओलं बाञ’. पट्ट्या कापून गरम सुपात टाकल्या तर बाञ फो. बांबूच्या जाळीवर पसरून उन्हात वाळवला तर बाञ त्रांग, म्हणजे जगभर ‘राइस पेपर’ म्हणून विकला जाणारा कागद. वाळताना बांबूच्या विणीचा ठसा पडद्यावर उमटतो, म्हणून हातानं केलेल्या कागदावर जाळीची नक्षी दिसते.

तांदळाच्या फेण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. आंबवलेलं पीठ पानावर पसरायचं, वाफवायचं, सोलून काढायचं आणि वाळवायचं. आपण ती तळून फुलवतो, व्हिएतनामी लोक पाण्यात बुडवून पुन्हा मऊ करतात आणि त्यात पालेभाज्या, कोळंबी, शेवया गुंडाळतात. एवढाच फाटा फुटतो.

तव्यावरच्या बाञ सेओबद्दल फार लिहायला नको, कारण कोकणातल्या कुणालाही ते पाहताक्षणी घावनाची आठवण येईल. तांदळाचं पातळ पीठ, दक्षिणेत त्यात नारळाचं दूध, आणि हळद. त्याच्या पिवळेपणामुळे परदेशी लोकांना त्यात अंडं असेल असं वाटतं, पण रंग हळदीचा असतो. आत कोळंबी, मांस, मोड आलेले मूग. तुकडा तोडून मोहरीच्या किंवा सॅलडच्या पानात गुंडाळायचा आणि आंबटगोड मासळीच्या रसात बुडवायचा. मध्य किनाऱ्यावर बाञ कान मिळतं, ते छोट्या गोल खळग्यांच्या मातीच्या साच्यात होतं. आपल्या आप्पेपात्राची आठवण व्हावी असंच. हा भाग चाम लोकांचा. त्यांच्या जुन्या राज्यानं मी सन इथे शिवाची विटांची मंदिरं बांधली होती.

आंबवणंही आहे. बाञ बॉ हे तांदळाचं पीठ यीस्टनं किंवा आंबवलेल्या भातानं फुगवून वाफवतात. कापलं की आत उभ्या उभ्या नळ्यांची जाळी दिसते. तिला तिथले लोक ‘बांबूची मुळं’ म्हणतात, आणि बाञ बॉ जमलं की नाही हे त्या मुळांवरून ठरतं. इडलीला जाळी पडते पण ती गोल छिद्रांची. इथे वायूचे बुडबुडे घट्ट होत चाललेल्या पिठातून सरळ वर चढत जातात आणि वाट तशीच राहून जाते.

चुन्याची निवळी आणि राखेचं पाणीही विसरता येत नाही. बाञ दुक हे उत्तरेतलं साधं, गरिबांचं बाञ. तांदळाचं पीठ निवळी घालून आचेवर घोटतात आणि साच्यात ओततात. निवळीनं त्याला कोहळ्याच्या पेठ्याला येतो तसा ताठरपणा येतो. राखेच्या पाण्यात चिकट तांदूळ भिजवून पानात उकडला की दाणे विरघळून मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं बाञ त्रो तयार होतं. पाचव्या चांद्र महिन्याच्या पाचव्या दिवशी ते काकवीत बुडवून खातात. क्षारामुळे स्टार्च लवकर फुगतो आणि दाण्याचं दाणेपण जातं. पापडखार घातल्यावर पिठाचा पोत आणि रंग बदलतो, त्यामागचं शास्त्रही याच घरातलं.

ह्वे, हनोई आणि मेकाँग

ह्वे ही १८०२ ते १९४५ या काळात न्गुयेन राजघराण्याची राजधानी होती. तिथलं जेवण अजूनही लहान लहान वाट्यांमध्ये येतं. बाञ बेओ वाटीभर नाही, बशीभरही नाही, एक घास. अशा दहा-बारा इवल्या बश्या एका ताटात. प्रत्येक चकतीच्या मधोमध एक खळगा असतो. पीठ आणि पाण्याचं प्रमाण आणि वाफेचा जोर बरोबर असेल तरच तो पडतो. त्यात सुक्या कोळंबीचा भुगा बसतो. शेजारी केळीच्या पानात चपटं थापलेलं बाञ नाम, आणि आधी सांगितलेलं बाञ बोत लोक. तिन्ही मिळून एक न्याहारी.

हनोईचा अभिमान म्हणजे ‘कोम’. दाण्यात दूध भरून नुकतं घट्ट होऊ लागलेलं असताना चिकट भात कापतात, भाजतात, कांडतात, पाखडतात, पुन्हा कांडतात. म्हणजे पोहेच, पण हुरड्याच्या वयात केलेले. रंग कोवळा हिरवा, वास दुधाचा. हनोईजवळचं वोंग गाव, जे आता शहरातच आलं आहे, यासाठी नावाजलेलं. शरद ऋतूत हा कोम कमळाच्या पानात बांधून विकतात. कोम साखरेत शिजवून, आत मुगाचं पुरण भरून केलेली चौकोनी हिरवी वडी म्हणजे बाञ कोम. साखरपुड्याच्या तबकात ती हवीच. तिच्या जोडीला बाञ फू थे, ‘नवरा-बायकोचं बाञ’: टॅपिओकाची पिवळसर पारदर्शक पारी, आत मूग आणि खोबरं, आणि दोन-दोनच्या जोड्या लाल दोऱ्यानं बांधलेल्या. हनोईपासून जवळच असलेल्या दिञ बांग गावचं हे बाञ प्रसिद्ध आहे. एकटं बाञ फू थे देत नाहीत.

याच बाजूला हाय झुओंग शहराचं बाञ दाउ साञ मिळतं. भाजलेल्या मुगाचं पीठ, साखर आणि स्निग्धांश यांची बोटाच्या पेराएवढी वडी. दातांखाली येण्याआधी विरघळते. मुगाचा लाडू आवडणाऱ्यांनी कोऱ्या हिरव्या चहाबरोबर खाऊन पाहावी.

खाली दक्षिणेत मेकाँगच्या खोऱ्यात चव बदलते, कारण तिथे नारळ आहे. बेन त्रे भागात नारळाच्या बागाच बागा. उत्तरेतल्या कोरड्या, मुगाच्या गोडाची जागा दक्षिणेत नारळाचं दूध, केळी, ताडगूळ आणि पांडनचं पान घेतं. पांडन म्हणजे केवड्याच्या नात्यातलं झुडूप. त्याची पानं वाटून रस पिठात घालतात, त्यानं हिरवा रंग आणि शिजत्या बासमतीसारखा वास येतो. ‘सारखा’ म्हणायचंही कारण नाही. पांडन, बासमती आणि आपला आंबेमोहोर, तिघांच्या सुवासातलं मुख्य रसायन एकच आहे. कंबोडियाच्या सीमेकडे ताडगुळाचं पिवळं बाञ बॉ मिळतं. सॉक त्रांगचं बाञ पीया ही चिनी वस्तीची देणगी: पापुद्र्यांचं आवरण, आत मूग, ड्युरियन फळ आणि खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक. ‘पीया’ हा तेओच्यू या चिनी बोलीतला ‘बिंग’च. म्हणजे बाञ पीया म्हणताना माणूस एकच जुना चिनी शब्द दोनदा उच्चारतो, एकदा फार जुन्या आणि एकदा अलीकडच्या वाटेनं आलेला.

आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला बाञ त्रुंग थू. मुलं कंदील घेऊन रस्त्यावर येतात. या बाञचे दोन प्रकार. ‘नुओंग’ हे भट्टीत भाजलेलं आणि तपकिरी. ‘झेओ’ मात्र शिजवतच नाहीत: आधीच भाजून घेतलेलं चिकट तांदळाचं पीठ साखरेच्या पाकात मळतात, पपनसाच्या फुलांचा सुगंध देतात आणि लाकडी साच्यात दाबून पांढरं शुभ्र बाहेर काढतात. पीठ आधीच भाजलेलं असल्यामुळे कच्चं लागत नाही. आतला खारवलेला पिवळा बलक म्हणजे चंद्र. ही पौर्णिमा कधी भाद्रपदात पडते, कधी आश्विनात. २०२५ मध्ये ती आणि आपली कोजागरी एकाच रात्री, ६ ऑक्टोबरला आली होती.

फ्रेंचांनी आणलेली बाञ थोडक्यात आटपतो. गव्हाचा पाव आला आणि त्याला बाञ मी म्हटलं गेलं. हे नाव २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात गेलं. अंड्यांचा हलका केक ‘बाञ बोंग लान’ म्हणजे ऑर्किडच्या फुलाचं बाञ झाला. कॅरॅमल कस्टर्ड ‘बाञ फ्लान’ झालं. परक्या पदार्थालाही ही भाषा आपलं कुळनाव देते आणि घरात घेते, हे मला आवडतं.

शाकाहारी वाचकांसाठी

गोड दिसतं म्हणून शाकाहारी असेल असं समजू नका. बाञ पीया किंवा मुगाच्या वड्यांमध्ये परंपरेनं डुकराची चरबी असते, आणि तिखट बाञबरोबरचा रस माशांचा असतो. पण विचारण्यासाठी एक नेमका शब्द आहे: ‘चाय’. चहा नव्हे, शाकाहारी. बाञ चायमधला चायही हाच. व्हिएतनाममधले अनेक बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण प्रतिपदेला आणि पौर्णिमेला, शाकाहार पाळतात. त्या दिवशी ‘चाय’ची पाटी जागोजागी दिसते. बाञ त्रोय आणि नारळाच्या दुधातली केळ्याची बाञ सहसा निर्धास्त खाता येतात.

चौकोनी पृथ्वी

सर्वांत मोठं बाञ शेवटी ठेवलं आहे. व्हिएतनामी नवं वर्ष, ‘तेत’, जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतं. २०२६ मध्ये ते १७ फेब्रुवारीला होतं. त्याच्या दोन-चार दिवस आधी उत्तरेत घराघरांत बाञ चुंग बांधायला बसतात.

त्यामागची दंतकथा सगळ्या मुलांना ठाऊक असते. हुंग वंशाच्या राजानं जाहीर केलं की पूर्वजांना अर्पण करायला जो सर्वांत योग्य पदार्थ आणेल त्याला गादी मिळेल. इतर राजपुत्र डोंगर-समुद्र धुंडाळून दुर्मिळ जिन्नस आणायला निघाले. अठरावा मुलगा लांग लिएउ गरीब. त्याला स्वप्नात सांगण्यात आलं की तांदळाहून मोठं काही नाही. त्यानं चिकट भात कुटून आकाशासाठी गोल, पांढरं बाञ झाय केलं, आणि पानात बांधून पृथ्वीसाठी चौकोनी, हिरवं बाञ चुंग. गादी त्याला मिळाली. हुंग राजांचा स्मृतिदिन, तिसऱ्या चांद्र महिन्याचा दहावा दिवस, २००७ पासून देशाची सार्वजनिक सुट्टी आहे, आणि फू थो प्रांतातली त्यांची उपासना २०१२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

दक्षिणेत मात्र तेतला चौकोनी नाही, लांब नळकांडं बनतं: केळीच्या पानातलं बाञ तेत. दोरा गुंडाळून ओढायचा आणि चकत्या पाडायच्या. या कापण्यालाच तिकडे ‘तेत’ म्हणतात. काहींना नावात सण ऐकू येतो. इतिहासकार त्रान क्वोक वुओंग यांचं मत होतं की मुळात बाञ चुंगही नळकांड्यासारखंच होतं. उत्तरेतही काही भागांत तसं लांबट बाञ अजून बांधतात, त्यामुळे मला हे म्हणणं पटण्यासारखं वाटतं.

कृती अशी. चिकट तांदूळ आणि सोललेली मुगाची डाळ भिजवतात. डुकराच्या पोटाकडचं चरबीदार मांस मिरपूड लावून ठेवतात. ‘ला झोंग’ नावाची रुंद पानं धुऊन, पुसून, देठाची जाड शीर काढून घेतात. चौकोनी साच्यात किंवा नुसत्या हातानं पानांची घडी उभी करतात. खाली तांदूळ, मग मूग, मध्ये मांस, पुन्हा मूग, वर तांदूळ. पानं मिटून बांबूच्या लवचिक सालींनी आवळतात. फार आवळलं तर फुगणाऱ्या तांदळाला जागा उरत नाही आणि मधला भाग कच्चा राहतो. सैल राहिलं तर पाणी शिरून गिच्च होतं. मग मोठ्या पिंपात दहा-बारा तास उकळणं.

इतका वेळ का? आत वाफ खेळायला मोकळी जागाच नसते. उष्णता घट्ट तांदळातून इंचाइंचानं आत सरकते. तेवढ्या वेळात चरबी वितळून मुगात आणि तांदळात मुरते, आणि पानाचा हिरवा रंग बाहेरच्या दाण्यांना चढतो. पाणी कमी झालं की उकळतंच पाणी घालावं लागतं, थंड नाही. म्हणून कुणीतरी जागं राहावं लागतं. थंडीत, पिंपाजवळच्या उबेत, आजी-आजोबांपासून मुलांपर्यंत सगळे जागतात. उरलेल्या तांदळाची मुलांसाठी छोटी छोटी बाञ बांधलेली असतात, ती आधी निघतात. पहाटे मोठी बाञ बाहेर काढून थंड पाण्यात धुतात आणि फळीखाली वजन ठेवून दाबतात, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जातं आणि ती लवकर खराब होत नाहीत. कापताना सुरी वापरत नाहीत, तांदूळ पात्याला चिकटतो. पान उघडून त्याच बांबूच्या साली चिरून वरून आडव्या-उभ्या मांडतात, बाञ पालथं घालतात आणि सालींची टोकं ओढून आठ तुकडे करतात.

उत्तरेच्या थंडीत हे बाञ आठवडाभर सहज टिकतं. पण चार-पाच दिवसांनी ते कडक होऊ लागतं, दाणे पुन्हा कच्च्यासारखे लागतात. चिकट तांदूळही अखेर निवताना घट्ट होतो, फक्त फार सावकाश. व्हिएतनामीत याला ‘लाय गाओ’ म्हणतात: परत तांदूळ होणं. अन्नशास्त्राला जे सांगायला साखळ्या आणि फांद्या लागतात ते या दोन शब्दांत येतं. त्यावर उपायही प्रत्येक घराला माहीत असतो. तव्यावर थोडं तेल घालायचं, बाञच्या चकत्या मांडायच्या, उलथन्यानं दाबून पसरायच्या आणि दोन्ही बाजू खरपूस होऊ द्यायच्या. उष्णतेनं फांद्या पुन्हा सुटतात, आतला भात मऊ होतो. सोबत छोट्या कांद्यांचं आंबट लोणचं घेतात. कित्येक घरांत तेत संपल्यावरची ही न्याहारी सणाच्या दिवसाच्या बाञपेक्षा जास्त आवडीनं खाल्ली जाते.